दातांचा खर्च : दुखण्याआधीचा आणि दुखण्यानंतरचा

वस्तू आणि सेवा कराच्या दरांची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि विम्याचे हप्ते यांची. त्याच यादीत टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर दंतमंजनावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणल्याची नोंद होती. करपूर्व १०० रुपये किमतीच्या ट्यूबमागे ग्राहकाचे १३ रुपये वाचतील, एवढाच त्याचा हिशेब. योगायोग असा, की त्याच दिवशी चॉकलेट आणि बिस्किटे यांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दात राखणारी वस्तू आणि दात किडवणारी वस्तू अशा दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रमाणात स्वस्त झाल्या.

या १३ रुपयांचे महत्त्व त्यांच्या आकारात नाही. भारतातील बहुसंख्य कुटुंबांसाठी दातांच्या आजारापासूनचे आर्थिक संरक्षण याच वस्तूंपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच संपते. दात दुखू लागल्यानंतर जो खर्च येतो, त्यासाठी ना सरकारी योजना पुरेशी आहे, ना खासगी विमा. हा मुद्दा नीट ध्यानात घेतला, तर प्रतिबंध हा आरोग्यशिक्षणाच्या फलकावरील उपदेश न राहता घरखर्चाचा प्रश्न बनतो.

आजाराची व्याप्ती मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि त्यांपैकी दर चारांतील तीन जण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दातांची कीड आढळली होती. ३५ ते ४४ या वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले होते. हे आकडे जुने आहेत; परंतु त्यानंतरच्या काळात गोड पेये, बिस्किटे आणि पाकीटबंद खाऊ खेड्यापाड्यांतील दुकानांत पोहोचला आहे, हेही विसरता येत नाही.

दातांचा खर्च इतर आजारांपेक्षा वेगळ्या रीतीने वाढतो. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दातावरील कठीण कवचातील खनिजे विरघळवते आणि लाळ व फ्लोराईड यांच्या साहाय्याने ती खनिजे काही प्रमाणात परत बसतात. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. वारंवार गोड खाल्ले की तोल ढळतो आणि कीड सुरू होते. मात्र या कवचात मज्जातंतू नसतात. त्यामुळे पहिले कित्येक महिने, कधी काही वर्षेही, रुग्णाला काहीच जाणवत नाही. कीड आतल्या थरात शिरली की थंड पाण्याने ठणका लागतो आणि ती दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. बहुतेक लोक दवाखान्याची पायरी चढतात ती या शेवटच्या टप्प्यावर.

नेमक्या याच टप्प्यावर उपचारांची किंमत उडी घेते. पांढऱ्या डागाच्या अवस्थेत फ्लोराईडचा लेप पुरतो. लहान खड्डा असेल तर सिमेंट भरून काम भागते आणि शहरांतील खासगी दवाखान्यांत त्यासाठी साधारणपणे काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत खर्च येतो. गाभ्याला संसर्ग झाला की रूट कॅनाल आणि त्यावर कॅप, असा काही हजारांचा हिशेब होतो. दात काढून त्याजागी इम्प्लांट बसवायचे ठरले, तर एका दातासाठी हजारोंच्या दोन-तीन दशकांपर्यंत, म्हणजे वीस-तीस हजार रुपयांपर्यंत किंवा त्याहून पुढे जावे लागते. याउलट, चौघांच्या कुटुंबाला दिवसातून दोनदा फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासण्यासाठी महिन्याला ढोबळमानाने शे-दीडशे रुपये पुरतात. वर्षभराच्या या खर्चात एखाददुसरा दात सिमेंटने भरून होईल. रूट कॅनाल आणि कॅप मात्र होणार नाही.

दवाखान्याचे बिल हा या खर्चाचा एक भाग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात मुखरोगांवरील उपचारांसाठी थेट ३८७ अब्ज डॉलर खर्च झाले आणि कामाचे दिवस बुडाल्याने व कार्यक्षमता घटल्याने आणखी ३२३ अब्ज डॉलरचे नुकसान झाले. म्हणजे बिलात न दिसणारा तोटा बिलाच्या जवळपास पोहोचतो. शेतमजुराला किंवा बांधकामावरील कामगाराला हे आकड्यांवाचून ठाऊक असते. तालुक्याच्या गावी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे, रूट कॅनालसाठी दोन-तीन खेपा म्हणजे तेवढे दिवस खाडा. म्हणून तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो, बरेचदा तिच्या जोडीला प्रतिजैविकही घेतो. प्रतिजैविकाने दाताच्या गाभ्याची ठसठस बरी होत नाही आणि किडीचा खड्डाही बुजत नाही. पैसे मात्र जातात आणि दात आणखी खराब होतो. अखेरीस तो काढावा लागतो. सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात ग्रामीण रुग्ण बहुधा दात वाचवण्यासाठी नव्हे, तर तो काढून घेण्यासाठीच येतो.

हा भार उचलतो कोण, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. ही घट लक्षणीय आहे. परंतु दंतोपचारांच्या बाबतीत सामान्य कुटुंबाचा अनुभव या आकड्याशी जुळणारा नाही. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, तिचा लाभ खुला झाला. तथापि या योजनेची रचनाच रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. जबड्याचे अस्थिभंग किंवा तशा शस्त्रक्रिया तीत बसतात. किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या किंवा कवळी हे बाह्यरुग्ण विभागाचे विषय असल्याने बाहेर राहतात. सत्तरी ओलांडलेल्या नागरिकाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी संरक्षण मिळते, घास चावता यावा म्हणून लागणाऱ्या कवळीसाठी ते मिळत नाही.

खासगी विम्याचे चित्र फारसे निराळे नाही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघातात झालेली इजा सोडल्यास दंतोपचार वगळतात. बाह्यरुग्ण खर्चाचे वेगळे कलम घेतले, तर थोडीफार भरपाई होते. पण त्याचा हप्ता अधिक आणि मर्यादा तोकडी असते. केंद्र सरकारी कर्मचारी आरोग्य योजनेत अनेक दंतोपचारांचे दर ठरलेले आहेत, परंतु तिचे लाभार्थी मर्यादित आहेत. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू आणि सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला. हप्ता त्यामुळे हलका झाला तरी वगळलेल्या गोष्टींची यादी तीच राहिली. विमा कंपन्यांचा युक्तिवाद पूर्णतः चुकीचा नाही. विमा अनपेक्षित संकटासाठी असतो आणि दातांची कीड ही जवळजवळ प्रत्येकाला होणारी, हळूहळू वाढणारी गोष्ट आहे. पण मग जे सर्वांना होते आणि टाळता येते, ते टाळण्यासाठी सार्वजनिक पैसा लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रतिबंध म्हणजे दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जाणे, असा एक समज शहरी मध्यमवर्गात रूढ झाला आहे. त्याला पुरावा तपासून पाहिला पाहिजे. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने २००४ मध्येच प्रौढांसाठी तपासणीचे अंतर व्यक्तीच्या जोखमीनुसार ३ ते २४ महिने असावे, असे सुचवले होते. हिरड्यांचा गंभीर विकार नसलेल्या आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक अंतराने यांत्रिक पद्धतीने दात साफ करून घेतल्याने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या आरोग्यात फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात निघाला. याचा अर्थ दात साफ करणे निरुपयोगी आहे, असा नव्हे. हिरड्यांतून रक्त येत असेल, कीटण साचले असेल, मधुमेह असेल किंवा तंबाखूचे व्यसन असेल, तर ते आवश्यकच ठरते. दात साफ केल्याने ते हलू लागतात, ही समजूतही निराधार आहे. हलणारे दात कीटणाच्या थराने धरून ठेवलेले असतात आणि तो थर निघाल्यावर खरी अवस्था उघडी पडते, इतकेच. परंतु निरोगी तोंडाच्या माणसाने वर्षातून दोनदा पैसे खर्च केलेच पाहिजेत, असे कोणी सांगत असेल, तर ती बचत नव्हे.

खरी बचत स्वस्त गोष्टींत आहे आणि त्यांत पहिला क्रमांक फ्लोराईडचा. भारतीय नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराईडचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे १००० भागांहून अधिक असता कामा नये आणि ते प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटना १००० ते १५०० भागांच्या पेस्टची शिफारस करते. म्हणजे भारतीय मर्यादेच्या वरच्या टोकाची पेस्ट या शिफारशीच्या खालच्या टोकाशी जुळते. २०२१ मध्ये संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत दंतोपचारांसाठी स्वतंत्र विभाग केला आणि त्यात फ्लोराईडयुक्त टूथपेस्टचा समावेश केला. आपल्याकडे मात्र ग्राहक ट्यूबवरील लवंग, कडुनिंब किंवा मीठ पाहतो, भागांचा आकडा पाहत नाही. फ्लोराईड नसलेल्या पेस्टवरही कर तेवढाच घटला आहे. करसवलतीचा हेतू आरोग्याचा होता असे म्हणायचे, तर हा भेद करायला हवा होता.

कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दातांवरचा थर निघतो, यात शंका नाही. परंतु फ्लोराईडचे काम ती करू शकत नाही. राखुंडी, कोळसा किंवा विटेची पूड यांनी दात घासले, तर ते तात्पुरते पांढरे दिसतात आणि कवच झिजत जाते.

फ्लोराईडबाबत भारतात एक अडचणही आहे. राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, तेलंगणातील नलगोंडा, महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा भागांत भूजलातच फ्लोराईड जास्त असून दात व हाडे यांचा फ्लोरोसिस तेथील जुने दुखणे आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतील अनेक शहरांप्रमाणे नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळण्याचा मार्ग त्यामुळे भारतासाठी सरसकट योग्य नाही. पेस्ट थुंकून टाकली जाते आणि तिचे प्रमाण ठरवता येते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्याहून मोठ्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातींत ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवली जाते, तेवढीची गरज कोणालाच नसते.

दुसरी बाब तंबाखूची, आणि येथे बचतीचा हिशेब जिवाच्या हिशेबाला जाऊन मिळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात अनेक घरांत स्त्रिया सकाळी मशेरी लावतात. छत्तीसगड आणि ओडिशात गुडाखू, बिहारमध्ये गुल वापरतात. हे व्यसन दात घासण्याच्या सवयीच्या रूपाने घरात येते, म्हणून त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी असली, तरी घरी भाजून केलेल्या मशेरीपर्यंत तो नियम पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले. पुरुषांमध्ये तर हाच सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे.

या आघाडीवर जगाला मार्गदर्शक ठरलेला पुरावा भारतातलाच आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील काही पंचायतींमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी तपासली. यंत्र नाही, महागडी चाचणी नाही. पुरेसा उजेड आणि शिकलेली नजर, एवढेच साहित्य. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेल्या चट्ट्यावरचा इलाज आणि जबडा काढावा लागलेल्या रुग्णाचे उपचार यांतील अंतर केवळ पैशांत मोजण्याजोगे नाही, पण पैशांतही ते प्रचंड आहे.

मधुमेहाचा संबंध तुलनेने कमी चर्चिला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अनियंत्रित साखरेने हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांच्या जुनाट संसर्गाने साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तातील साखरेचे नियंत्रण काहीसे सुधारते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. तरीही मधुमेहाच्या तपासणीत डोळे आणि पाय पाहण्याची पद्धत रुळत असताना तोंड उघडायला सांगणारे डॉक्टर थोडेच.

मुलांच्या बाबतीत परदेशातील एक अनुभव उपयुक्त आहे. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांना फ्लोराईड पेस्टने दात घासायला लावले जाते. या उपक्रमाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक मूल्यमापनानुसार आठव्या वर्षी पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांवरील वाचलेला खर्च उपक्रमाच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक होता. वंचित वस्त्यांतील मुलांमध्ये हा लाभ अधिक दिसला. स्कॉटलंडमध्ये मुलांचे दंतोपचार सरकारी खर्चाने होतात, त्यामुळे वाचलेला पैसा सरकारच्याच तिजोरीत राहिला. भारतात वाचणारा पैसा पालकांचा आणि खर्च करायचा सरकारने, अशी विभागणी आहे. अशा उपक्रमाला अर्थसंकल्पात जागा मिळणे अवघड का जाते, याचे एक कारण येथे सापडते.

तरीही पायाभूत चौकट अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची तपासणी होते आणि तपासायच्या विकारांत दातांची कीडही आहे. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा व त्याखालील रुग्णालयांतील दंतविभागांसाठी राज्यांना खुर्ची, मनुष्यबळ आणि साहित्य यांकरिता साहाय्य मिळते. आयुष्मान आरोग्य मंदिरांतील बारा सेवांमध्ये प्राथमिक मुख आरोग्य सेवेचा समावेश आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले, तेव्हा त्यात मधुमेह आणि स्थूलतेबरोबर दंतविकारांचाही उल्लेख होता.

अडचण तपासणी आणि उपचार यांच्यामधल्या दरीची आहे. शाळेतील तपासणीत कीड आढळली की पालकांना चिठ्ठी मिळते. दंतवैद्य मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर पैसा कशाला घालवायचा, या विचाराने ती चिठ्ठी तशीच राहते. वास्तविक दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखण्याचे काम त्या करतात. ही दरी बुजवणारी साधने महाग नाहीत. किडीची वाढ थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड आणि ड्रिल न वापरता, हातातील साध्या अवजारांनी कीड खरवडून भरता येणारे ग्लास आयोनोमर सिमेंट, ही दोन्ही २०२१ पासून अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आहेत. त्यांना वीज लागत नाही, दंतखुर्चीही लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडने किडलेला भाग काळा पडतो, हा दोष खरा. पण दुखणाऱ्या दाढेपेक्षा काळी दाढ बरी, असे पालकांना समजावून सांगता येते.

मनुष्यबळाची उणीव हे कारणही पूर्णपणे पटणारे नाही. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुसंख्य खासगी असून कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश अशा मोजक्या राज्यांत त्यांची दाटी आहे. दरवर्षी हजारो तरुण दंतवैद्य बाहेर पडतात, शहरांतील एकाच रस्त्यावर चार-चार दवाखाने थाटतात आणि सरकारी पदे थोडी असल्याने अनेक जण अन्य व्यवसायांकडे वळतात. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली. शिक्षणाचा दर्जा आणि प्रवेश यांवर त्यात भर आहे. प्रशिक्षित दंतवैद्य प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचा प्रश्न मात्र कायद्याने नव्हे, तर राज्यांनी निर्माण केलेल्या पदांनी आणि त्यांना दिलेल्या वेतनाने सुटणार आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राष्ट्रीय कार्यक्रमातील खुर्ची आली आणि दंतवैद्याचे पद रिक्त राहिले, तर तपासणीची ती चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पालकांना पुन्हा खासगी दवाखान्याचाच रस्ता धरावा लागतो.